आत्याच्या दगडावरचे दोन शब्द



बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मागच्या वेळी कैरीच्या लोणच्यावर लिहिलं होतं आणि आज एकदम तारणावर, म्हणजे उडी जरा लांबचीच आहे. ज्यांना धर्माबिर्माचं वाचायचा कंटाळा असेल त्यांनी खुशाल पुढच्या खेपेला यावं, मी रागावणार नाही. नात्यातल्या लोकांना मात्र सुटका नाही. विशेषतः दादा, तुला. फोनवर तू बोलायला लागलास की मी एकतर रडते नाहीतर ओरडते, आणि मुद्दा राहून जातो. म्हणून इथे लिहून काढते. तू वाचतोस हे मला माहीत आहे. लोणचं वाचून वहिनीने मीठ किती म्हणून विचारलं होतं.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगते. आमची मोठी आत्या मार्चमध्ये गेली. चौतीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात आणि मग आसपासच्या खेड्यांतून नर्स होती. लग्न केलं नाही. आम्हा भाचरांना तिनेच वाढवलं म्हटलं तरी चालेल. शेवटची सात वर्षं ती माझ्याकडे होती, आणि त्यातली सहा तिला काही आठवत नव्हतं. डिमेन्शिया. आधी किल्ल्या हरवल्या, मग रस्ते, मग आम्ही. चर्चमागच्या कबरस्तानात तिला ठेवलंय आणि आता दगड बसवायचाय. आमच्याकडे दगडावर नाव, दोन तारखा आणि ‘प्रभूमध्ये निद्रिस्त’ असं लिहायची पद्धत आहे. आजोबांच्या दगडावर आहे, आजीच्या आहे. दादाचं म्हणणं, आत्याच्या दगडावर नुसत्या तारखा लिहाव्यात. ‘प्रभूमध्ये’ होती की नाही हे आपण कोण सांगणार, असं तो म्हणतो. म्हणजे तो नाही, त्याचे पाळकसाहेब म्हणतात. दादा गेली काही वर्षं शहरातल्या एका नव्या फेलोशिपला जातो, तिथे परत मोठेपणी बुडवून बाप्तिस्माही घेतलाय.

तर भांडण या दोन शब्दांवरून आहे.

अंत्यविधीला हे पाळकसाहेब आले होते. आमच्या पाळकांनी मोठ्या मनाने त्यांनाही दोन शब्द बोलायला सांगितलं. ते म्हणाले, बाईंनी सेवा पुष्कळ केली, पण सेवेने कोणी तरत नाही. तारण विश्वासाने आहे. बाईंनी शेवटी प्रभूला आपला वैयक्तिक तारणारा म्हणून स्वीकारलं होतं की नाही, हे देवच जाणे.

हे ‘देवच जाणे’ म्हणताना त्यांनी जो सुस्कारा टाकला ना, तो माझ्या कानातून अजून जात नाही.

त्यांच्यानंतर एक म्हातारेबाबा उठले. खेड्यातून एस.टी.ने आले होते, डोक्याला पागोटं. त्यांची तिन्ही मुलं आत्याच्या हातची. ते म्हणाले, बाईंचं पुण्य एवढं की देव दारात उभा राहिला असंल, आमच्या बाई सरळ वर गेल्या. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही. चर्चमधली निम्मी मंडळी मान डोलवत होती, म्हणजे रविवारी ‘केवळ कृपेने’ म्हणणारी मंडळीच!

आणि गंमत अशी की मला दोघांचंही पटलं नाही. बाबांचं न पटणं जड गेलं, पण नाही पटलं.

आधी बाबांचंच घेते, कारण ते सोपं आहे आणि त्यात प्रेम आहे. चांगलं केलं, चांगलं मिळालं. हे आपल्या मातीतच आहे, आपण ख्रिस्ती झालो तरी ते गेलं नाही. कोणीही गेलं की आपण म्हणतो, फार चांगला होता, नक्की स्वर्गात असणार. पण मग धाकट्या काकाचं काय? तो दारूने गेला. एकेचाळीस वर्षांचा होता. त्याच्या अंत्यविधीला कोणी काही बोललं नाही, आठवतं का दादा? गाणी म्हटली आणि माती लोटली. पुण्याचा हिशोब लावायचा तर काका गेलाच. आणि खरं सांगायचं तर आत्याचाही नीट लावला तर काय निघेल कोण जाणे. तिच्या एका चुकीमुळे एक बाई दगावली होती. अशी तिची समजूत होती, डॉक्टर काही म्हणोत. त्या बाईचं नाव ती रोज प्रार्थनेत घ्यायची. तिला जर कोणी म्हटलं असतं, आक्का, तुमची जमा जास्त आहे आणि नावे कमी, तर तिने त्याला घराबाहेर काढलं असतं. माणसाच्या जिवाची वजाबाकी दुसऱ्या हजार जन्मांनी भरून निघत नाही हे तिला माहीत होतं.

येशूच्या शेजारी क्रूसावर टांगलेल्या चोराची गोष्ट आपण लहानपणी संडे स्कूलमध्ये शिकलो. त्याच्याकडे सत्कृत्यं करायला वेळच नव्हता. हात तर खिळलेले. त्याला त्याच दिवशी सुखलोकाचं वचन मिळालं. द्राक्षमळ्यातले मजूर घ्या, संध्याकाळी पाचला आलेल्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी. रोजगार हमीवर काम केलेल्या कोणालाही विचारा, त्याला हे अजिबात न्याय्य वाटणार नाही, आणि गोष्ट तशीच सांगितलेली आहे. तेव्हा तारण कमवता येत नाही, यात दादा, माझा तुझ्याशी वाद नाही. उगीच मी कर्मवादी झालेय असं वहिनीला सांगू नकोस.

इथे एक जरा बाजूचं. आपल्याकडे एक समज आहे की कॅथलिक लोक कर्माने तरतात आणि आपण प्रॉटेस्टंट विश्वासाने. मीही तीस वर्षं तेच मानत होते. ऑफिसातली माझी वसईची मैत्रीण दर नाताळात यावरून माझ्याशी भांडायची, शेवटी तिने मला वाचायला लावलं. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ साली, लूथरच्या विरोधात म्हणूनच, जो ठराव केला त्यातलं पहिलंच कलम असं आहे की ख्रिस्ताच्या कृपेवाचून माणूस आपल्या कर्मांनी देवापुढे नीतिमान ठरतो असं कोणी म्हणेल तर तो शापित असो. पहिलंच! ‘केवळ विश्वासाने’ म्हणणाऱ्यांवरचा शापही आहे, तो नवव्या कलमात. म्हणजे फरक होता, आणि कृपेने सुरू झालेल्या जीवनात सत्कृत्यांचं स्थान काय यावर तो बराचसा आजही आहे. पण आपण त्यांच्या तोंडी जे वाक्य घालतो ते त्यांचं नव्हतंच. पुढे १९९९ साली ३१ ऑक्टोबरला जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये लूथरन आणि कॅथलिक लोकांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. मेथडिस्ट २००६ मध्ये त्यात आले, रिफॉर्म्ड मंडळ्या २०१७ मध्ये. त्याचा सारांश असा की आपल्या कसल्याही लायकीमुळे नाही तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, आणि तोच आत्मा देऊन आपल्याला सत्कृत्यांसाठी उभं करतो. साडेचारशे वर्षं एकमेकांना शाप दिल्यावर एवढं तरी एकत्र म्हणता आलं. आमच्या नगरच्या चहाच्या टपरीवर मात्र ही बातमी अजून पोचायचीय.

असो. आता पाळकसाहेब.

दादा, तुमचे पाळकसाहेब म्हणतात तारण केवळ विश्वासाने. वाक्य बरोबर. पण त्यांना विश्वास म्हणजे काय म्हणायचंय ते बघ. एक तारीख हवी. त्या तारखेला हात वर केलेला हवा. ठरावीक प्रार्थना तोंडाने म्हटलेली हवी. मग वहीत नाव. ही प्रार्थना आणि हे हात वर करणं पवित्र शास्त्रात मला कुठे सापडलं नाही, तुला सापडलं तर कळव. ही रीत अमेरिकेतल्या एकोणिसाव्या शतकातल्या उद्दीपन सभांमधून घडत आलेली आहे. चार्ल्स फिनी नावाचा प्रचारक निर्णय घेऊ इच्छिणाऱ्यांना पुढच्या बाकावर बोलावून बसवायचा, तिथून ती वाढली. वाईट आहे असं मी म्हणत नाही. पुष्कळांचं आयुष्य त्या बाकावर बदललं असेल. तुझंही बदललं. तू सिगारेट सोडलीस, घरी लवकर यायला लागलास, त्याबद्दल मी त्या फेलोशिपची आभारीच आहे. पण त्या रीतीलाच विश्वास म्हणायला लागलो की काय होतं? विश्वास हेच एक कर्म होऊन बसतं. मी केलं, मी म्हटलं, मी स्वीकारलं, म्हणून मी आत. म्हातारेबाबांच्या हिशोबात निदान हजार बाळंतपणं लागतात. तुमच्या हिशोबात एक वाक्य पुरतं. पण हिशोब तो हिशोबच राहिला की!

लूथरने १५२२ साली नवा करार जर्मनमध्ये आणला तेव्हा रोमकरांस पत्रातल्या तिसऱ्या अध्यायात ‘केवळ’ हा शब्द स्वतःच्या पदरचा घातला. मूळ ग्रीकमध्ये तो नाही. लोकांनी धरलं तेव्हा १५३० मध्ये एक लांबलचक पत्र लिहून त्याने ठणकावून सांगितलं की जर्मन भाषेला आणि पौलाच्या म्हणण्याला तो शब्द लागतोच. (वाचायला मजा येते, लूथर भांडायला बसला की शिव्यांची कमतरता नसे.) आणि ‘केवळ विश्वासाने’ ही शब्दरचना सबंध पवित्र शास्त्रात खरोखर जिथे एकदाच येते, ती जागा म्हणजे याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय. तिथे तो म्हणतो की माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरत नाही! बिचाऱ्या याकोबाला लूथरने वाळल्या गवताचं पत्र म्हटलं, आणि पुढच्या आवृत्त्यांत ते वाक्य काढूनही टाकलं. पण याकोब चिडलाय कशावर ते बघ. उघड्या, उपाशी भावाला जा बाबा, ऊब घे, पोटभर जेव असं नुसतं तोंडाने म्हणणाऱ्यावर. देव एक आहे हे भुतंही मानतात आणि कापतात, असं तो म्हणतो. म्हणजे बरोबर मत असणं याला तो विश्वास मानतच नाही. आणि लूथरही मानत नव्हता. त्याच १५२२ सालच्या रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत त्याने विश्वासाचं जे वर्णन केलंय ते सतत खटपट करणाऱ्या जिवंत गोष्टीचं आहे, जी सत्कृत्यं करावी का म्हणून विचारतही बसत नाही, विचारायच्या आत करून मोकळी झालेली असते. आत्याला पाहिलेल्या माणसाला हे कळायला अवघड नाही. रात्री दोनला कोणी दार वाजवलं की तिच्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात कंदील असायचा, आणि चपला मात्र वेगवेगळ्या पायातल्या.

पण मला याकोबापेक्षा पौलाविषयीच जास्त बोलायचंय, कारण तुमचे पाळकसाहेब सारखा पौल काढतात. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय परत वाच. हा वाद पौलाने कुठे काढला? मरणाच्या खाटेजवळ नाही. पंगतीत! अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर बसून जेवत होता. यरुशलेमेहून याकोबाकडची सोवळी मंडळी आल्यावर घाबरून तो पंगतीतून उठला, वेगळा बसायला लागला. त्यावर पौल सगळ्यांसमोर त्याच्यावर तुटून पडला, आणि त्या भांडणात हे वाक्य आलं की माणूस नियमशास्त्राच्या कर्मांनी नाही तर ख्रिस्तावरच्या विश्वासाने नीतिमान ठरतो. म्हणजे काय? सुंता झालेली नसली, खाण्याचे नियम पाळलेले नसले, तरी या माणसाला माझ्या शेजारी पाट मांडायचा. ‘विश्वासाने’ या शब्दाचं काम पंगतीतली दोरी तोडणं हे होतं.

आता दादा, आपल्या पणजोबांची गोष्ट तुला मी सांगायला नको. पण बाकीच्यांना माहीत नाही. आम्ही नगर जिल्ह्यातले, महारवाड्यातले. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ मध्ये आलं, पण आमचे पणजोबा ख्रिस्ती झाले १९०० च्या दुष्काळानंतर. घरात चार माणसं भुकेने मेली होती. मिशनच्या कामावर खडी फोडली, भाकरी मिळाली, पोरं शाळेत गेली, दोन वर्षांनी सगळ्यांनी बाप्तिस्मा घेतला. पोटासाठी ख्रिस्ती झाले म्हणून गावाने हिणवलं, आणि आजही हिणवणारे आहेत. आजोबा सांगायचे, पणजोबांना विचारलं की तुम्ही का झालात, तर ते धर्मशिक्षणातलं काही म्हणायचे नाहीत. म्हणायचे, साहेबाच्या बाईने आपल्या लेकराला मांडीवर घेतलं. बस. ‘विश्वासाने’ म्हणजे त्यांना एवढंच कळलं होतं की इथे जात विचारत नाहीत. माझं मत विचारशील तर पौलाचं ते पत्र त्यांच्याइतकं कोणाला कळलं नसेल. आता तुमच्या पाळकसाहेबांच्या वहीत पणजोबांचं नाव कुठल्या तारखेला चढवायचं? भाकरी मिळाली त्या दिवशी? लेकराला मांडीवर घेतलं त्या दिवशी? का वैयक्तिक तारणारा म्हणून स्वीकारल्याची तारीख नाही म्हणून त्यांच्याही दगडावरून ‘प्रभूमध्ये’ खरवडून काढायचं? जी गोष्ट दोरी तोडायला आली, तिचीच तुम्ही नवी दोरी वळलीत. माझा राग आहे तो इथे.

तू फोनवर पंडिता रमाबाईंचं नाव काढलं होतंस. बरं झालं काढलंस. दादाचं म्हणणं असं की रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण आपण धर्म स्वीकारला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. ते खरं आहे. १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्या हे कबूल करतात. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, १८९१ च्या सुमाराला, हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र वाचताना त्यांना ते जाणवलं. हॅस्लमसाहेब स्वतः व्यासपीठावर प्रवचन देता देता आपल्याच प्रवचनाने पालटले होते! म्हणजे इथे दादाला एक गुण द्यावा लागतो. रमाबाई खोटं बोलणाऱ्या बाई नव्हत्या.

पण सबंध गोष्ट सांग ना. त्या मुळात ओढल्या गेल्या कशाने? लंडनजवळ फुलममध्ये, वाँटेजच्या भगिनींनी वाट चुकलेल्या म्हणून टाकून दिलेल्या बायकांसाठी चालवलेलं घर त्यांनी पाहिलं. अशा बायकांना कोणी प्रेमाने जवळ घेतं, हे त्यांनी आपल्या देशात कधी पाहिलं नव्हतं. असं का करता म्हणून विचारलं, तेव्हा विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट त्यांना ऐकायला मिळाली. म्हणजे कोणाची तरी कृत्यं आधी, मग प्रश्न, मग येशू. पुढची आठ वर्षं त्या कोणाचं काही मुकाट मान्य करत नव्हत्या. त्रैक्यावरून, चर्चच्या मतांगीकारावरून त्यांनी सिस्टर जेराल्डिनबाईंशी पत्रांतून कसा वाद घातला ते वाच. तुमच्या फेलोशिपमध्ये दोन आठवडे टिकल्या नसत्या. :) आणि १८९१ ला त्यांना सापडलं ते काय? आपण पुरेसं मानलं, पुरेसं केलं, या धडपडीतून सुटका. आहोत तशा येता येतं हे कळणं. त्यानंतर त्या हात जोडून बसल्या नाहीत. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतात गावोगाव हिंडून उपाशी मुली, विधवा गोळा करून त्यांनी आणल्या, केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं. आलेल्या मुलीला दारात त्यांनी कुठली प्रार्थना म्हणून दाखवायला सांगितली असं माझ्या वाचनात नाही. आधी अंघोळ आणि जेवण.

आता जे लिहायचं टाळत होते ते.

दीड वर्षापूर्वी पाळकसाहेब आणि तुमच्या दोन भगिनी आमच्याकडे आत्याला भेटायला आले होते. दादा, तू नव्हतास, तुला कदाचित त्यांनी सगळं सांगितलं नसेल. हेतू चांगला होता. वेळ निघून जायच्या आत आक्कांकडून प्रार्थना म्हणून घ्यायची होती. पाळकसाहेब एकेक शब्द म्हणत होते आणि आत्या त्यांच्या शर्टाच्या गुंडीकडे बघत होती. मग त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं, मेंढरू खांद्यावर घेतलेला येशू. म्हणाले, आक्का, हा कोण? ओळखता ना याला?

आत्याने बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, “कोण गं हा? जेवला का?”

एक भगिनी हसली. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. आम्ही प्रार्थना करत राहू, म्हणाले. चहा घेतला नाही.

मी त्या रात्री झोपले नाही. पहिल्यांदा वाटलं, बघा, नाव विसरली पण मत्तयाचा पंचविसावा अध्याय विसरली नाही! भुकेल्याला खायला दिलंत ते मलाच दिलंत, तोच अध्याय. मेंढरं कोण आणि शेरडं कोण याचा त्या अध्यायातला निवाडा तर यावरच आहे, आणि मेंढरांना स्वतःलाच पत्ता नसतो की आपण कधी त्याला खायला दिलं. अंत्यविधीला उठून हे सांगावं असं मनात आलंही होतं. बरं झालं सांगितलं नाही. कारण मग मी तेच केलं असतं जे पाळकसाहेबांनी केलं. परीक्षा घेतली असती, फक्त प्रश्न बदलून. त्यांच्या परीक्षेत आत्या नापास, माझ्या परीक्षेत ‘जेवला का’ विचारलं म्हणून पास. आणि शेवटच्या वर्षाचं काय? शेवटच्या वर्षी ती काहीच विचारत नव्हती. भरवायला गेलं की चावायची. ज्या तोंडून आयुष्यात कधी शिवी निघाली नाही त्या तोंडून कामाला येणाऱ्या मावशींना असं काही बोलायची की मी त्यांची माफी मागायचे. ना विश्वास उरला होता, ना कृत्यं. तुमच्या-माझ्या मोजपट्टीने मोजण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. देवाला धरून ठेवायला हात लागतात, तिचे हात सुटले होते.

विश्वास म्हणजे जर मी देवाला धरणं असेल, तर आत्या गेली, आणि उद्या माझाही मेंदू असा झाला तर मीही गेले. तूही. घराण्यात आहे हे, आजीलाही होतं. विश्वास म्हणजे जर त्याने मला धरलंय यावर विसंबणं असेल, तर विसंबणारीला विसंबल्याची आठवण नसली म्हणून धरणारा सोडत नाही. आपण तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतो ते कशाच्या जोरावर? बाळ काय कबूल करतं? झोपलेलं असतं, नाहीतर पाणी पडलं की किंचाळतं. आमच्या चर्चमध्ये, म्हणजे १९७० साली नागपूरला एकत्र झालेल्या उत्तर भारतीय मंडळीत, तान्ह्याचाही चालतो आणि मोठेपणी घेतलेलाही चालतो, यावर मोठे वाद होऊनच ते ठरलंय. मला आधी ही तडजोड वाटायची. आत्याचं शी-शू काढताना एक दिवस लक्षात आलं की ती पुन्हा त्या पाळण्याच्या वयात आलीय. तिला तेव्हा कोणी विचारलं नव्हतं आणि आत्ताही विचारून उपयोग नव्हता.

कृत्यांचं म्हणशील तर ती हवीतच. इफिसकरांस पत्रातलं तुझं आवडतं वचन आहे ना, कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्माने नाही, तुझ्या गाडीच्या मागच्या काचेवर चिकटवलंय ते? त्याच्या पुढचंच वाक्य काचेवर मावलं नाही वाटतं. आपल्याला सत्कृत्यांसाठीच घडवलंय असं ते आहे. झाडाला आंबे लागतात, म्हणून काही आंबे बांधून बाभळीचं आंब्याचं झाड होत नाही. आणि ज्या आंब्याला चाळीस वर्षं फळ आलं, तो शेवटच्या सात वर्षांत वठला म्हणून तो बाभूळ होता असं कोणी म्हणत नाही. पाळकसाहेबांना एवढं शेतीतलं तरी कळावं.

काकाबद्दल मात्र मला असं ठामपणे लिहिता येत नाही. त्याला फळं काही आली नाहीत, निदान आम्हाला दिसली नाहीत. एवढंच माहीत आहे की शेवटच्या आठवड्यात तो दवाखान्यात आत्याचा हात सोडत नव्हता, आणि आत्या त्याच्या उशाशी बसून होती. त्याच्या दगडावर ‘प्रभूमध्ये निद्रिस्त’ लिहायचं तिनेच ठरवलं होतं. तेव्हाच्या पाळकांनी भुवया उंचावल्या, तर ती म्हणाली, पैसे मी देतेय, तुम्ही शब्द बघा नीट कोरलेत का.

तर दादा, पाटी कोरणाऱ्याकडे मी काल जाऊन आले. तो अक्षरावर पैसे घेतो, काना-मात्रा धरून, आणि जोडाक्षराचे जास्त, त्यामुळे ‘प्रभूमध्ये निद्रिस्त’ आपल्याला बरंच महाग पडलं. पण सांगून आलेय. पैसेही दिलेत. खाली ‘भाचरं’ म्हणून सगळ्यांची नावं आहेत, तुझं पहिलं, कारण तू मोठा. अर्धे पैसे द्यायचे असले तर दे, नसले तरी नाव राहील. दगड पुढच्या शनिवारी बसतोय, सकाळी साडेनऊला. वहिनीला म्हणावं डबा आणू नकोस, जेवायला इकडेच या. पाळकसाहेबांनाही आण.